नऊ डब्यांची दिवाबत्ती

कमलाक्षीबाईंना कुणी विचारलं, रेल्वेत तुम्ही काय होता, तर त्या एकाच शब्दात उत्तर देत. दिवाबत्ती. ऐकणाऱ्याला वाटे, बाई स्टेशनातले कंदील पुसत असतील. त्याहून अधिक सांगायचा त्यांना कंटाळा होता, आणि विचारणाऱ्यालाही बहुधा तेवढंच पुरे.

खरं काम असं होतं. आगगाडीच्या प्रत्येक डब्याच्या पोटाखाली बॅटरीच्या पेट्या असत आणि चाकाच्या आसावरून पट्टा घेऊन फिरणारा डायनामो असे. डब्यातले दिवे आणि पंखे त्यांच्यावर चालत. गाडी यार्डात आली की पेट्या उघडून पाणी भरायचं, सैल पट्टे ताणायचे, गेलेले दिवे बदलायचे, आणि गाडी फलाटाला लागण्याआधी पहिल्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत दिवे लावून पाहायचे. तंजावूरच्या यार्डात कमलाक्षीबाईंनी हे पस्तीस वर्षं केलं. त्यांचे यजमान राजगोपाल तिथेच फिटर होते. लग्नाला चौथं वर्ष लागलं आणि कावीळ होऊन ते गेले, तेव्हा त्यांच्या जागी बाईंना खलाशी, म्हणजे फिटरांच्या हाताखालचा मदतनीस, म्हणून घेतलं. त्या वेळी त्यांचं वय पंचवीस. पहिले काही महिने मुकादमाने त्यांना नुसते पाण्याचे कॅन उचलायला लावले. कुणी हसलं नाही, कुणी मदतही केली नाही. नंतर कधीतरी एक जण रजेवर गेला आणि पाना त्यांच्या हातात आला, तो निवृत्तीपर्यंत राहिला.

त्या कामात त्यांना सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे फीड. वाटेत एखाद्या डब्याचा पट्टा तुटला किंवा बॅटरी बसली की तो डबा काळोखा होई. गाडी थांबायची चार मिनिटं. तेवढ्यात दुरुस्ती शक्य नसे. मग एक जाड वायर घ्यायची आणि काळोख्या डब्याच्या टोकाची पेटी शेजारच्या डब्याच्या पेटीला जोडायची. शेजारचे दिवे किंचित मंद होत, पण दोन्ही डब्यांत उजेड राही. बाई सडपातळ, दोन डब्यांच्या मधल्या फटीत चटकन शिरत. म्हणून फीडची वायर पुढेपुढे त्यांच्याच खांद्यावर येऊ लागली. ह्यासाठी कुणाची परवानगी काढावी लागत नसे. साहेबाला विचारायला गेलं तर गाडी सुटायची. जोडून टाकायचं आणि पुढच्या स्टेशनाला कळवायचं, अशी रीत होती.

साठाव्या वर्षी हार घालून त्यांना घरी पाठवलं. घर राजवाड्यामागच्या बोळात, मराठी राजांच्या काळापासून तिथे असलेल्या मराठी वस्तीत. तिथे थोरली बहीण राजम आधीपासून होती. ती शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, आणि बोलण्यात धार तशीच राहिलेली. पहिल्या वर्षात कमलाक्षीबाईंनी बोळातले सगळे मिक्सर दुरुस्त केले. दुसऱ्या वर्षी दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. मग त्या सकाळी तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून रस्त्याकडे बघत. राजम म्हणे, हिला आता कुणीतरी मोडून द्यावं काहीतरी.

ते रमणरावांनी दिलं. रमणराव शेतकी कॉलेजात प्राध्यापक होते. ओरत्तनाडूकडे त्यांची जमीन, आणि राहायला दोन बोळ पलीकडे मोठं घर. पत्नी चंद्रमती. माडीवरच्या दिवाणखान्यात त्यांनी सहा वर्षं खपून जुनी मीटरगेज लाइन उभी केली होती. तंजावूर, पापनाशम, कुंभकोणम, मधे काथ्याच्या भुशाला हिरवा रंग देऊन केलेली भातशेती, आणि वीतभर लांबीचे डबे. दर नवरात्रात लोक खालच्या कोलूतल्या, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या, बाहुल्या बघून वर गाडी बघायला येत. ह्या वर्षी रमणरावांच्या मनात आलं की डब्यांत दिवे हवेत. ते नुसते पेटून भागणार नव्हतं. बटणावर लागले पाहिजेत, आणि जुन्या गाडीत असायचे तसे झोपायच्या वेळचे निळे दिवे वेगळे लागले पाहिजेत. कुणीतरी त्यांना सांगितलं की राजमच्या बहिणीने खऱ्या गाडीत हेच केलं आहे.

राजमला ते कळलं तेव्हा ती वाती वळत बसली होती.

"काय गो कमळे, पस्तीस वर्षं खऱ्या गाडीस दिवे लावलीस, आतां बाहुल्यांच्या गाडीस लावतेस?"

"लावतें."

"दिसतें तरी कां तुज?"

"भिंग आहे," कमलाक्षीबाई म्हणाल्या.

ह्या कामातली मुख्य वस्तू म्हणजे डिकोडर. नखाएवढी एक पट्टी. छोट्या गाडीच्या रुळांतून वीज सदा वाहत असते आणि त्या विजेतूनच हुकूमही जातात. प्रत्येक डिकोडरला एक नंबर असतो. हातातल्या यंत्रावर तो नंबर लावून बटण दाबलं की त्याच नंबराचा डिकोडर ऐकतो, बाकीचे स्वस्थ बसतात. रमणरावांनी हे समजावून सांगितलं आणि इंग्रजी पुस्तिका दिली. बाईंनी ती भिंगाखाली वाचली आणि कामापुरतं एका वहीत तमिळ अक्षरांत, पण मराठीत, उतरवून घेतलं. देवनागरी त्यांना येत नसे. बोळात फार थोड्यांना येते.

सुरुवात काही चांगली झाली नाही. नवा डिकोडर कारखान्यातून येतो तो तीन नंबर घेऊनच येतो, आणि आपल्याला हवा तो नंबर आपण द्यायचा असतो, हे पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर होतं. बाई अजून मधल्या पानावर होत्या. त्यांनी पहिला डबा रुळावर ठेवला, तीन नंबर लावला, दिवा लागला. उजेड वाढतो का बघावं म्हणून त्यांनी चकती फिरवली. पापनाशमला उभं असलेलं इंजिनही तीन नंबराचंच होतं. ते निघालं आणि फलाटाच्या टोकाला मुरुक्कू, म्हणजे चकल्या, विकत बसलेल्या मातीच्या माणसाला घेऊन खाली गेलं. रमणरावांनी इंजिन उचलून पुन्हा रुळावर ठेवलं. चंद्रमतीबाईंनी मात्र तो माणूस डिंकाने जोडून परत बसवताना विचारलं की ह्याच्या घरच्यांना कळवायचं का.

पुढे काम रुळावर आलं. डब्याचं छप्पर उघडायचं, चाकांवरून वीज घेणाऱ्या पितळी पट्ट्या बसवायच्या, छपराच्या आतून दिव्यांची पट्टी चिकटवायची, मधे डिकोडर, आणि सगळ्या वायरी खिडकीतून दिसणार नाहीत अशा भिंतीलगत न्यायच्या. सगळ्या डब्यांना त्यांनी एकोणीस हा एकच नंबर दिला, म्हणजे एका बटणाने सगळे दिवे लागतील. दुसऱ्या बटणाला निळे दिवे. तिसऱ्याला शेवटच्या डब्याच्या पाठीवरचा तांबडा. एका डब्याला चार दिवस लागत. बाईंचा हात कापत नसे. त्या सकाळी सातला टेबलाशी बसत आणि राजमने तीनदा हाक मारल्यावर जेवायला उठत. राजम ताट झाकून ठेवी. तिण्णैवर बसलेल्या बहिणीपेक्षा ही बरी, असं तिला वाटत असावं.

एक अडचण राहिली. रुळावर धुळीचा कण आला की डबा डोळा मिचकावी. खऱ्या डब्याला बॅटरी असते, त्याला धुळीचं काय. रमणरावांनी सुचवलं की प्रत्येक डब्यात एक छोटा कपॅसिटर घाला, तो क्षणभर वीज धरून ठेवतो. बाईंनी घालून पाहिला. खिडकीतून बघितलं तर प्रवाशांच्या डोक्यावर पाण्याची टाकी टांगल्यासारखी दिसे. त्यांनी तो काढून टाकला. मग त्यांना जे सुचलं ते त्यांनाच सुचू शकलं असतं. त्यांनी डब्यांना फीड दिलं. प्रत्येक डब्याच्या टोकाला दोन केसासारख्या वायरी आणि नखाने ओढून निघेल अशी एक इवलीशी पिन. एका डब्याच्या चाकाखाली धूळ आली तर शेजारचा त्याला वीज देणार. नऊ डबे एका ओळीत जोडले की सगळ्या चाकांवरची वीज सगळ्यांची. धूळ टाकून पाहिली, एकाही दिव्याची पापणी लवली नाही. त्या दिवशी कमलाक्षीबाईंनी दुपारी दोन कप कॉफी घेतली.

हे त्यांनी रमणरावांना सांगितलं नाही. लपवलं असं नव्हे. फीड जोडताना कुणाला विचारायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. रमणरावांनी त्या पिना बघितल्या आणि तांबड्या दिव्यासाठी असतील असं समजून सोडून दिल्या.

रमणरावांच्या कपाटात आणखी बावीस डबे होते. त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं होतं, हे नऊ नवरात्रात नीट चालले तर बावीसही तुमचेच, नाहीतर बंगळूरला एक जण हेच काम करतो, त्याच्याकडे पाठवीन. ते बोलले सहज. कमलाक्षीबाईंनी मनात हिशेब केला. बावीस डबे, एकेकाला चार दिवस, म्हणजे सणवार धरून चार महिने. चार महिने सकाळी सातला कुठेतरी बसायचं होतं. हे त्यांनी राजमलाही सांगितलं नाही, पण राजमला गणित येत होतं.

रूळ घालायचं काम सतीशकुमारकडे होतं. तो पापनाशमचा, पस्तिशीचा, घरांत वायरिंग करणारा माणूस. रुळाचं काम त्याने रमणरावांकडेच शिकून घेतलं होतं. कुंभकोणमच्या पुढे दिवाणखान्यातली जागा संपत होती. तिथे त्याने रूळ गोल वळवून पुन्हा त्याच रुळाला आणून मिळवला, म्हणजे गाडी वळसा घालून तोंड फिरवून तंजावूरला परत येईल. ह्यात एक भानगड असते. रूळ असा वळून परत आला की डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो आणि शॉर्ट होतो. म्हणून रूळ जिथे मिळतो तिथून दोन-तीन डब्यांइतकं आत, वळशाच्या दोन्ही तोंडांशी, तो केसाएवढा कापून तोडतात आणि एक पेटी बसवतात. इंजिन त्या तोडलेल्या जागी आलं की पेटी वळशातल्या विजेची दिशा एका क्षणात उलटवते. इंजिनाला पत्ताही लागत नाही. सतीशकुमार आठ दिवस ह्या वळशावर बसला होता. आयुधपूजेच्या आदल्या दुपारी तो पुरा झाला, आणि इंजिनामागे चार डबे लावून तिघांनी गाडी फिरवून पाहिली. बाकीचे पाच डबे बाईंच्या टेबलावर काचा बसवायला उघडे होते. चार डबे सुरेख फिरले.

आयुधपूजेच्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नसतो. सकाळीच खाली पुस्तकांशेजारी पाट मांडून त्यावर सगळी हत्यारं ठेवली. सतीशकुमारचं ड्रिल, पक्कड, कानस. कमलाक्षीबाईंची डाख लावायची कावी, चिमटा, कातर, मीटर आणि भिंग. रमणरावांची फाउंटन पेन. चंद्रमतीबाईंनी प्रत्येकाला गंध आणि कुंकू लावलं. गाडी चालवायचं यंत्र हे हत्यार धरायचं की नाही यावर थोडी चर्चा झाली. अखेर त्याला कुंकू लावून ते परत वर न्यायचं ठरलं, कारण गाडी चालवणं हे काम नव्हे, असं चंद्रमतीबाईंचं मत पडलं. रमणराव सहा वर्षं ते कामच आहे म्हणत होते आणि त्या मान्य करत नव्हत्या.

चार वाजता माणसं आली. बोळातली पंधरावीस, त्यांत राजमही. पडदे ओढून माडीवर संध्याकाळ केली. सगळ्यांच्या हातांत सुंडलचे, म्हणजे खोबरं घातलेल्या उकडलेल्या चण्यांचे, द्रोण दिले. रमणरावांनी इंजिन हलवलं, मग बटण दाबलं, आणि नऊच्या नऊ डबे एकदम उजळले. भिंतीवर खिडक्यांच्या सावल्या सरकू लागल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, ही तर आमचीच गाडी. गाडी पापनाशमवरून गेली, कुंभकोणमला थांबली, निघाली. निळे दिवे लागले. एकही डबा डोळा मिचकावत नव्हता. कमलाक्षीबाई भिंतीशी लाकडी स्टुलावर बसून शेवटच्या डब्याकडे बघत होत्या.

गाडी वळशात शिरली. इंजिन फिरून बाहेरच्या तोंडाशी आलं आणि खट्‌ असा आवाज होऊन सगळं थांबलं. दिवे गेले.

लोकांना वाटलं, पोचली. रमणरावांनी गाडी हाताने मागे घेतली, वीज पुन्हा चालू केली, इंजिन पुन्हा त्याच जागी आलं आणि पुन्हा खट्‌. तिसऱ्यांदाही तसंच.

दुसऱ्या खटक्यालाच कमलाक्षीबाईंना कळलं. इंजिन वळशाबाहेर पडू बघत होतं तेव्हा शेवटचे दोन डबे अजून वळशाच्या बाहेरच होते, आत शिरायचे होते. नऊ डबे दोन तोंडांमधल्या रुळापेक्षा लांब होते. पेटी पुढच्या तोंडाशी विजेची दिशा उलटवत होती ती बरोबरच. पण शेपटीचे डबे फीडने पुढच्यांना बांधलेले. पुढची उलटलेली वीज त्यांच्या वायरींतून मागे जाऊन मागच्या तोंडाशी न उलटलेल्या विजेला भिडत होती. आदल्या दिवशी चारच डबे होते, ते वळशात मावले. सतीशकुमारचा रूळ, त्याची पेटी, त्याचे सांधे, सगळं ठीक होतं.

रमणराव सतीशकुमारकडे वळले. ते रागावणारे गृहस्थ नव्हते, पण वीस माणसं अंधारात द्रोण घेऊन उभी होती. ते म्हणाले की सांध्यात काहीतरी राहिलंय, काल घाई झाली. सतीशकुमार गुडघ्यांवर बसला, टॉर्च मारून एकेक सांधा बघितला. हत्यार लावता येत नव्हतं. तो म्हणाला की काल चालली होती. रमणराव म्हणाले की काल चालली म्हणून आज उभी राहिली हे काही उत्तर नव्हे. उद्या विजयादशमीला हत्यारं उचलली की हा सगळा वळसा काढून पुन्हा घाल, नाहीतर तिरुचीहून मी माणूस बोलावतो.

कमलाक्षीबाईंच्या हातात द्रोण होता. त्यांनी एक चणा तोंडात घातला. आज कुणी काही उघडून बघणार नव्हतं. हत्यारं खाली कुंकू लावून पडली होती. उद्या सकाळी आपली कावी न्यायच्या निमित्ताने त्या सहाला येऊ शकत होत्या. सतीशकुमार पापनाशमच्या बसने येणार, त्याला आठ वाजत. पिना नुसत्या ओढल्या तर वायरी लोंबत राहिल्या असत्या; आठ जागी दोन-दोन वायरी, सोळा काप, पाव तासाचं काम. मग गाडी आपोआप चालली असती. रुळाचं काय होतं ते कुणाला कळलं नसतं आणि बावीस डबे कपाटातून त्यांच्या टेबलावर आले असते. हे सगळं त्यांच्या डोक्यात इतक्या व्यवस्थित क्रमाने आलं की त्यांनाच जरा नवल वाटलं.

तेवढ्यात सतीशकुमार उठून उभा राहिला. गुडघ्याची धूळ झाडत तो तमिळमध्ये म्हणाला, "होय सार. माझंच काहीतरी असेल."

असेल, असं तो म्हणाला. त्याला दोष सापडला नव्हता. तरी तो म्हणाला.

कमलाक्षीबाईंनी द्रोण स्टुलावर ठेवला आणि टेबलाशी गेल्या. सातव्या आणि आठव्या डब्यामधली पिन त्यांनी नखाने ओढून काढली, डबे जोडणारा आकडा सोडवला, आणि शेवटचे दोन डबे उचलून पदरात घेतले.

"आतां चालवा, सार."

रमणरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे. गाडी निघाली. सात डबे वळशात शिरले, पुरे आत मावले, इंजिन बाहेरच्या तोंडातून सरळ निघून कुंभकोणमकडे चालू लागलं. दिवे जसेच्या तसे.

"रूळ बरोबर आहे," कमलाक्षीबाई म्हणाल्या. "डब्यांतून फीडची वायर घातलेंय मी. तुम्हांस विचारलें नाहीं. नऊ डबे वळशांत मावत नाहींत, आणि वायर दोन्हीकडची वीज भिडवते. चूक माझी आहे. सतीशची नाहीं."

हे त्यांनी आधी मराठीत सांगितलं, आणि मग तेच, शब्दही न बदलता, सतीशकुमारसाठी तमिळमध्ये. मग मागून एकाने विचारलं की काढलेल्या दोन डब्यांतल्या लोकांचं काय. ते पापनाशमला उतरले, असं चंद्रमतीबाई म्हणाल्या आणि सुंडलचं पातेलं पुन्हा फिरवू लागल्या. गाडी सहा वाजेपर्यंत चालली. दोन डबे सगळा वेळ कमलाक्षीबाईंच्या मांडीवर होते.

घरी जाताना राजम त्यांच्या बरोबरीने चालत होती. अर्ध्या बोळात ती थांबली.

"सांगितल्याविणा राहिली असतीस तर चाललें असतें कीं," ती म्हणाली.

"चाललें असतें."

"मग?"

"तो माझेंच असेल म्हणाला," कमलाक्षीबाई म्हणाल्या.

विजयादशमीच्या सकाळी हत्यारं उचलायची असतात, आणि उचललेल्या हत्याराने थोडं का होईना काम करायचं असतं. कमलाक्षीबाई आठ वाजता गेल्या. सतीशकुमार आलेला होता. त्याने त्यांना "वांगम्मा", या अम्मा, म्हणून स्टूल पुढे केलं, नेहमीसारखंच. बाईंनी पाटावरची कातर उचलली, कपाळाला लावली, आणि रमणरावांच्या टेबलावर नऊ डबे उलटे मांडून एकेक फीड कापायला घेतलं. सोळा काप. कापलेल्या वायरींची टोकं त्यांनी आत वळवली, वर लाखेचा थेंब दिला. त्याला पाव तास नव्हे, तास लागला, कारण रमणराव शेजारी उभे राहून बघत होते आणि त्यांना प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते समजून घ्यायचं होतं.

मग नऊ डबे पुन्हा जोडून गाडी सोडली. वळशाच्या तोंडाशी एकदा ती किंचित अडखळली, पण गेली. दिवे मात्र आता सांध्यांवर लुकलुकत होते, पहिला, दुसरा, तिसरा, क्रमाने. रमणरावांना ते वाईट वाटलं नाही. जुन्या गाडीत असंच होई, असं ते म्हणाले. कमलाक्षीबाई म्हणाल्या, आमच्या यार्डातल्या गाडीत होत नसे.

रमणरावांनी चष्मा पुसला. अवघड बोलायचं असलं की ते चष्मा पुसत.

"बाई, बावीस डब्यांचें मी बंगळूरला कळवलें. सकाळींच."

"बरें," कमलाक्षीबाई म्हणाल्या.

"तुमच्या हातांत खोट नाहीं. पण पुढच्या मोठ्या गाड्या आठ-दहा डब्यांच्या आहेत. कुठें काय जोडलें तें मज ठाऊक पाहिजे."

"पाहिजेच."

त्यांनी कावीची वायर गुंडाळायला घेतली. सतीशकुमार टेबलाखाली पेटीचे स्क्रू आवळत होता. तिथूनच, डोकं बाहेर न काढता, तो तमिळमध्ये म्हणाला की सार, पापनाशमची शटल तर चार डब्यांचीच आहे, ती वळशात केव्हाही मावते.

रमणरावांनी टेबलाखाली वाकून बघितलं. मग कपाटाशी गेले. बावीस डबे डाव्या बाजूला कागदात गुंडाळून तयार होते. त्यांतले चार त्यांनी काढले, नंबर पाहिले, एक परत ठेवून दुसरा घेतला. तेच चार टेबलावर आणून ठेवले.

"ह्या चार डब्यांस फीड घाला," ते म्हणाले. "चित्र काढून द्या मात्र. आधीं."

कमलाक्षीबाईंनी चार डबे बिस्किटाच्या डब्यात उभे लावले, मधे वर्तमानपत्र घातलं, आणि निघाल्या. सतीशकुमार अजून टेबलाखालीच होता. त्यांनी वाकून त्याला सांगितलं की मागच्या तोंडाशी डावा रूळ अर्धा केस वर आलाय, कानस लाव. तो म्हणाला, पाहिलंय अम्मा.

घरी राजम तिण्णैवर बसून शेवग्याच्या शेंगा मोडत होती. तिने डब्याकडे बघितलं, झाकण उघडून आत बोट फिरवलं आणि मोजलं.

"चार," ती म्हणाली.

"चार."

"चार चोक सोळा दिवस."

"चित्र काढायला आणखी दोन धर," कमलाक्षीबाई म्हणाल्या, आणि वही कुठे ठेवली ते शोधायला आत गेल्या.